रोझमेरी, पडवी आणि पुरुमेंत : प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मातीच्या कुंड्या आणल्या. प्लॅस्टिकच्या स्वस्त पडतात, पण मातीची कुंडी अंगातून ओल बाहेर टाकते आणि रोझमेरीला तेच हवे असते. भावोजींनी बंगळूरहून आणलेली रोपे काही दिवस पडवीत तशीच ठेवली होती. आता त्यांना नवा शेंडा दिसतो आहे.

काय करायचे आहे ते आधी लिहून ठेवते. आमच्या छोट्या होमस्टेच्या स्वयंपाकघराला लागणारी रोझमेरी, म्हणजे युरोपी स्वयंपाकातले सुगंधी पानांचे झाड, इथेच, फोंडा तालुक्यात, घरच्या पडवीत वाढवायची. आणि आपल्या रांधपात, म्हणजे स्वयंपाकात, तिची खरी जागा कोणती, ते वर्षभर करून पाहायचे. आतापर्यंत पाहुण्यांच्या पास्त्यावर बाटलीतली सुकी पाने भुरभुरवली की झाले, असे चालले होते. त्या बाटलीतला वास केव्हाच उडालेला असतो.

कुंडीत भरायला दोन वाटे जाड रेती, एक वाटा बागेतली माती, एक वाटा जुने शेणखत. तळाला चिऱ्याचे खडे. आमची तांबडी माती आम्लधर्मी, रोझमेरीला मात्र सामू (पीएच) ६ ते ७.५ च्या दरम्यान मानवतो. म्हणून प्रत्येक कुंडीत शिंपल्यांचा चुना, चिमूटभर.

१३ नोव्हेंबर

तुळशीचे लग्न. वृंदावनात ऊस, चिंचा, आवळे लावून झाले आणि आईंचे लक्ष कुंड्यांकडे गेले.

“अगं, ही तुळशीच्या जातीतली का? देठ तसाच चौकोनी लागतोय.”

आईंच्या बोटांना जे कळले ते बरोबर आहे. तुळस, पुदिना, ओवापान आणि रोझमेरी ही सगळी एकाच कुळातली. कोवळी फांदी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवली की चार कडा लागतात. लिनियसने १७५३ मध्ये रोझमेरीला स्वतंत्र प्रजाती देऊन ‘रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस’ असे नाव ठेवले होते. २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी जनुकांचा अभ्यास करून तिला सेज या सुगंधी झाडाच्या प्रजातीत घातले. तेव्हापासून ती ‘साल्व्हिया रोझमॅरिनस’. रोपवाटिकेच्या पाट्यांवर अजून जुनेच नाव दिसते.

आईंनी एक पान चुरडून हुंगले आणि म्हणाल्या, “कापूर आहे यात.” खरेच आहे. रोझमेरीच्या तेलात कापूर असतोच. शिवाय सिनिओल, जे निलगिरीच्या तेलात आणि वेलचीतही असते. आणि पायनिन, जे चीड वृक्षाच्या (पाइनच्या) राळेत असते. यातले काय किती असेल ते वाणावर, जमिनीवर आणि उन्हावर ठरते. म्हणूनच एका रोपाचे पान गोडसर लागते आणि दुसऱ्याचे औषधासारखे. आमच्या कुंड्यांतही फरक जाणवतो. दाराजवळच्या झाडाला कापूर जास्त आहे.

२ डिसेंबर

पान नीट पाहिले. वरची बाजू गडद हिरवी, गुळगुळीत, मेणचट. दोन्ही कडा खाली वळलेल्या, त्यामुळे पान सुईसारखे दिसते. उलटे केले की मधली शीर, तिच्या दोन्ही बाजूंना अरुंद खाच आणि त्या खाचेत पांढरी दाट लव. पानाची श्वासरंध्रे या लवेच्या आड असतात, त्यामुळे कोरड्या वाऱ्यात पाणी फार उडत नाही. तेलाच्या बारीक ग्रंथीही तिथेच. नखाने खाच खरवडली तर बोट चिकट होते आणि वास साबणाने धुतल्यावरही राहतो.

हे पान भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी घडलेले आहे. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. अनेक भागांत तो वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर असतो, उन्हाळा कडक कोरडा. आमच्याकडे सगळे उलटे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, उबदार दमट हवेत. गोव्यातले ऊन रोझमेरीला सोसते. तिचा जीव जातो तो ओल्या मुळांनी.

म्हणजे तिचे वर्ष आपल्याला उलटे लावावे लागणार. नोव्हेंबर ते मे हा तिचा हंगाम, पावसाळा हा तिचा जपणुकीचा काळ.

१५ डिसेंबर

फाटे कलमे लावली. फुले न आलेल्या, खालून किंचित कडक झालेल्या फांद्या, वितीहून कमी लांबीच्या. खालची पाने ओरबाडून काढली, ओल्या रेतीत खोचल्या. बी टाकण्याच्या भानगडीत पडले नाही. बी उगवायला वेळ लागतो, उगवते ते कमी, आणि मूळ झाडाचा स्वाद रोपात उतरेलच असे नसते. कलमाला मुळे यायला महिना-दोन महिने.

५ जानेवारी २०२५

थंडी बरी पडली आहे. झाडे भरली. आता चुलीपाशी काम सुरू.

बटाट्यापासून सुरुवात केली, कारण बटाटा स्वतःचे फार बोलत नाही. एका पातेल्यात बटाटे उकडताना पाण्यात रोझमेरीची फांदी टाकली. दुसऱ्या पातेल्यातले नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडले आणि मग बिडाच्या तव्यावर तेलात परतले. त्या तेलात आधी मंद आचेवर फांदी सोडली होती, जोडीला सालासकट ठेचलेली लसूण.

पहिल्या पातेल्याच्या वाफेने स्वयंपाकघर घमघमले, बटाट्यात मात्र जेमतेम कडवटपणा उतरला. दुसऱ्याची गोष्टच वेगळी. रोझमेरीचा गंध तेलात विरघळतो, पाण्यात फारसा नाही. तेलात उतरला की तो पदार्थाला धरून राहतो, नाहीतर वाफेबरोबर निघून जातो. आपल्या हाताला हे कुठे नवीन आहे? कढीपत्त्याची फोडणी आपण याच कारणाने करतो. फरक आचेचा. कढीपत्ता कडकडीत तेलात तडतडला तरी चालतो, रोझमेरी करपली की कडू होते आणि तो कडूपणा मग कशाने जात नाही. तेल कोमट असतानाच फांदी सोडायची, कडेला बारीक बुडबुडे आले की आच तेवढीच धरायची, पान कुरकुरीत आणि गडद हिरवे झाले की फांदी उचलून बाजूला. बटाटे खरपूस झाले की तीच पाने वर चुरायची.

भावोजींनी पोईबरोबर, म्हणजे गोव्याच्या पावाबरोबर, खाल्ले, आणि दुपारी पुन्हा मागितले.

१२ जानेवारी

शिजून मऊ होईल असे हे पान नाही. अख्खे राहिले तर दातात टोचते. म्हणून एक तर फांदी अख्खी टाकून काढून घ्यायची, नाहीतर पाने ओरबाडून अगदी बारीक चिरायची. पाने काढताना फांदीचा शेंडा धरून बोटे उलट्या दिशेने खाली ओढायची, सगळी एका झटक्यात निघतात. सुकी वापरायची तर ताज्याच्या तिसरा हिस्सा.

२६ जानेवारी

आजचे काम मनापासून आवडले.

इटलीच्या लिगुरिया भागात हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाची एक पातळ भाकरी करतात, फरिनाता. बेसन, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल. पीठ काही तास भिजवून तांब्याच्या रुंद थाळ्यात ओततात आणि कडक तापलेल्या भट्टीत भाजतात. वरून पुष्कळदा रोझमेरी. म्हणजे आपल्या बेसनाच्या पोळ्याची लांबची बहीणच.

मी घरच्या तव्यावर केले. बेसन सकाळीच भिजवले, वजनाच्या तिप्पट पाणी, वर आलेला फेस काढून टाकला. हळद नाही, जिरे नाही. (ओवा घालायचा मोह झाला होता. पण ओव्यापुढे रोझमेरी उभी राहिली नसती.) तव्यावर खोबरेल गरम केले, चिरलेली रोझमेरी त्यात भिजवली आणि वरून पीठ ओतले. झाकण ठेवले. खालची बाजू सोनेरी, कडा जाळीदार, आत साय धरल्यासारखे मऊ. वर मिरपूड.

आईंनी विचारले, “चटणी कुठली?” चटणी लागली नाही. हरभऱ्याच्या पिठाला एक कच्चट, मातकट चव असते. हिंग-जिरे ती झाकतात, रोझमेरी तिच्याशी जुळते. इटलीतल्याच तोस्कानीतही हरभऱ्याच्या आणि पांढऱ्या घेवड्याच्या सूपमध्ये रोझमेरीच घालतात, ते उगाच नाही.

शेंगदाण्याच्या तेलातही केले. चांगले झाले, पण खोबरेलाची बाजू वरचढ.

१६ फेब्रुवारी

वरच्या धाग्यावरून पुढे. अळसांदे (चवळीच्या जातीचे कडधान्य) रात्री भिजवून शिजवले आणि दोन वाटे केले. एकाचे नेहमीचे तोणाक, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपातली उसळ. दुसरा वाटा तेल, लसूण, रोझमेरी, मीठ, शेवटी लिंबू. पळीने थोडे अळसांदे कढईच्या कडेला ठेचले म्हणजे रस दाटला.

दुसरा वाटा जमला. मग तोणाकातही फांदी घालून पाहिली. धणे, लवंग, दालचिनी आणि भाजके खोबरे एवढ्या गर्दीत रोझमेरीचे नुसते कापूरपण वर येते. नारळाच्या रसात तर त्याहून वाईट. ओल्या नारळाचा गोडवा आणि हा राळेचा वास एकमेकांजवळ बसत नाहीत. सोलाच्या (कोकमाच्या) आंबटाशीही पटले नाही.

तिरफळ या आपल्याकडच्या मसाल्याचे उदाहरण इथे कामाला येते. तिरफळ बांगड्याच्या आमटीत ठेचून, अगदी शेवटी पडते आणि नारळाच्या रसातच खुलते. रोझमेरीला सुरुवात हवी, तेल हवे आणि पदार्थ कोरडा हवा. तिरफळाच्या जागी रोझमेरी घालून ‘फ्यूजन’ म्हणून वाढतात, त्यात दोन्हींवर अन्याय होतो असे माझे ठाम मत आहे. ओल्या हुमणात (नारळाच्या रसातल्या माशांच्या आमटीत) ती घालायची नाही, हे आजपासून ठरले.

२३ मार्च

काजूचा हंगाम. डोंगरावर बोंडांचा वास, घरात बियांचा ढीग.

अर्धा किलो काजूगर ओव्हनमध्ये १७० अंशांवर सोनेरी होईपर्यंत भाजले, अधूनमधून हलवत. परातीत एक मोठा चमचा वितळलेले तूप, दोन मोठे चमचे अगदी बारीक चिरलेली ताजी रोझमेरी, दोन लहान चमचे किसलेला गूळ, एक चमचा मीठ, अर्धा चमचा लाल मिरचीपूड. काजू गरमागरम असतानाच त्यात ओतायचे, कारण त्या उष्णतेनेच पानातला वास सुटतो. रोझमेरी काजूबरोबर ओव्हनमध्ये घातली तर ती करपते.

गूळ आणि रोझमेरी हे जोडकाम धाडसाचे वाटले तरी नाही. फ्लॉरेन्समध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मनुका आणि रोझमेरी घातलेले गोडसर पाव खातात. चेस्टनटच्या पिठाच्या केकवरही ती असतेच. गोडात तिचा कडवटपणा खारकेतल्या तुरटपणासारखा उपयोगी पडतो.

रोझमेरीत कार्नोसिक आम्ल नावाचे द्रव्य असते, ते स्निग्ध पदार्थ खवट होण्याचा वेग कमी करते. युरोपात रोझमेरीचा अर्क ‘ई ३९२’ या क्रमांकाने अन्नात घालायला परवानगी आहे, ती याच गुणासाठी. आपण परतलेली चार पाने काही अर्काचे काम करणार नाहीत. काजू हवाबंद बरणीतच ठेवायचे.

१३ एप्रिल

होमस्टेला आलेल्या एका पाहुण्या ताईंनी लसूण-रोझमेरीचे तेल बाटलीत भरून मागितले. नाही म्हटले, आणि कारणही सांगितले. लसूण आणि ओली पाने तेलात बुडाली की त्यांना हवा मिळत नाही, आम्लही नसते. खोलीच्या तापमानाला अशा जागी बोटुलिनमचे जीवाणू वाढून विष तयार करू शकतात. तेलाचा वास, रंग, चव काहीच बदलत नाही, म्हणून जास्त घातक. आमच्या घरी असे तेल लागेल तेवढेच होते, फ्रिजमध्ये राहते आणि चार दिवसांत संपते. उरले तर टाकायचे.

त्यांना काजू दिले.

२७ एप्रिल

पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचे, दिवस. सोले उन्हात, मिरच्या पत्र्यावर, सुके बांगडे आणि सुंगटे (कोळंबी) घेऊन झाले. रोझमेरीचेही पुरुमेंत करायचे हे जानेवारीपासून डोक्यात होते. पावसात झाड छाटायचे नाही, मग पावसाळ्याची तरतूद आताच हवी.

मीठ आगरातले घेतले, जाड, किंचित करडे. पेडणे तालुक्यातल्या आगरवाड्याकडे अजून मिठागरे चालतात, हंगाम उन्हाळ्याचा. शंभर ग्राम मिठाला दहा-बारा ग्राम ताजी पाने. खलबत्त्यात घातले आणि आईंनी बत्ता हातातून घेतला. “तू हलक्या हाताने कुटतेस.” मिठाचे खडे पाने फाडतात, पानातले पाणी आणि तेल मिठात उतरते, आणि थोड्या वेळाने खलात ओलसर, गवती हिरवी वाळू दिसू लागते. ती ताटात पसरून सावलीत, वाऱ्यावर वाळवली. उन्हात नाही, उन्हाने तेल उडते. वाळल्यावर पुन्हा एकदा कुटून काचेच्या बरण्यांत.

फांद्या छाटताना फक्त हिरवा भाग कापला. खाली जिथे लाकूड उघडे पडले आहे तिथे कात्री लावली तर बहुधा फूट येत नाही. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एका वेळी काढले नाही.

काही फांद्या जुड्या बांधून माळ्यावर वाळत टाकल्या. पाने खडखडीत झाल्याशिवाय बरणीत घालायची नाहीत, नाहीतर जूनमध्ये बुरशी ठरलेली.

२६ मे

यंदा मॉन्सून मेच्या शेवटच्या आठवड्यातच गोव्यात आला. कुंड्या पडवीत आत ओढल्या. पागोळ्यांपासून हातभर लांब, भिंतीपासूनही थोड्या सुट्या, विटांवर उचलून. दोन कुंड्यांची पाने एकमेकांना लागणार नाहीत एवढे अंतर.

९ जून

पाणी बंद. बोट पेराएवढे खुपसून कोरडे लागले तरच.

६ जुलै

दाराजवळची, कापूर जास्त असलेली, गेली. वाऱ्याने झड आत येत होती. आधी खालची पाने तपकिरी झाली, मग शेंडा मान टाकून खाली आला. पाण्याविना सुकलेले झाडही असेच दिसते. फरक बुंध्याशी कळतो. साल नखाने सोलली, आतून हिरवी असायला हवी ती काळसर, भिजलेली. कुंडी उलटी केली तर मुळे ओली, मऊ, ओढताच साल हातात येणारी. मुळकूज. अशा झाडाला पाणी घालणे हा सर्वात वाईट उपाय, आणि पाने सुकलेली पाहून माणूस तेच करायला धावतो.

बाकीच्या कुंड्यांच्या बाजूला झावळ्यांची झापे बांधली, आणि पडवीतला पंखा दुपारी कमी वेगावर सुरू ठेवतो. एका झाडावर भुरीचे (बुरशीचे) पांढरे डाग होते, ती पाने काढून जाळली. हवा खेळू लागल्यावर डाग वाढले नाहीत.

डिसेंबरच्या कलमांतली रोपे लहान, घट्ट आणि तजेलदार आहेत. मातीच्या छोट्या कुंडीत माती कमी, म्हणून ओलही कमी साठते. पुढच्या वर्षी मोठ्या कुंडीची घाई नको.

२७ ऑगस्ट

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, मिश्र भाज्यांचे खतखते झाले, तिरफळाचा वास घरभर. रोझमेरीचे आज काही काम नाही आणि असू नये.

१२ सप्टेंबर

श्रावण संपला, चवथ झाली, मासेमारीही ऑगस्टपासून सुरू आहे. तारल्या चांगल्या मिळाल्या. चरबी भरलेला मासा, म्हणजे रोझमेरीला लागणारे तेल माशातच आहे. साफ करून बरणीतले रोझमेरी-मीठ पोटात आणि वरून चोळले, पाव तास ठेवले, मग करवंटीच्या निखाऱ्यांवर भाजले. छाटणीत निघालेल्या जुन्या काटक्या निखाऱ्यांवर टाकल्या, त्यांचा धूर माशाला लागला. वर लिंबू, बाजूला पोई, कांदा.

साडेचार महिने बरणीत राहून मिठाचा वास टिकला आहे. रंग थोडा फिका, पण ताज्या पानात असतो तो टोचरा कापूरपणा निवला आणि वेलचीकडे झुकणारी बाजू पुढे आली. माळ्यावर वाळवलेली पाने एवढी चांगली उतरली नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात वाळवण कमी, मीठ जास्त.

आई तारल्यांचे काटे काढता काढता म्हणाल्या, “तिरफळाला जागा नाही असा एक मासा सापडला तुला.”

५ ऑक्टोबर

होमस्टेच्या जेवणात रोझमेरीचे काय राहणार ते भावोजींशी बसून ठरवले. बेसनाचा पोळा नाश्त्याला. अळसांदे-लसूण दुपारी, तोणाकाच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही. तव्यावरचे बटाटे पोईबरोबर. तारल्या मिळतील त्या दिवशी. काजू बरणीतून विकायला, हंगामात. पास्त्यावरची भुरभुर बंद.

पाऊस उताराला लागला आहे. जगलेल्या झाडांवर नवी पालवी आहे, ती महिनाभर तोडायची नाही. गेलेल्या झाडाची कुंडी धुऊन उन्हात पालथी घातली आहे, जुनी माती फेकली. तिच्यात गोडसर वासाच्या झाडाचे कलम जाईल. रेती संपत आली आहे, दोन पोती आणायला सांगितली. फाटे डिसेंबरात.